तोडणी मजुराचा अपघात आणि नुकसानभरपाईचा हिशेब



लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्याची जोपासना यावर आम्ही या पानांतून नेहमी लिहितो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे, पण उसाशीच बांधलेला आहे. फडात कोयत्याने पायाची शीर तुटते, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून चढताना माणूस घसरतो, रात्री पाचटात साप चावतो, चढाला ट्रॉली उलटते. अशा वेळी त्या मजुराला काय मिळावे, कोणी द्यावे आणि त्यासाठी आपण आधी काय करून ठेवावे, ते आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट ही की नुकसानभरपाई म्हणजे मदत नव्हे, तो हक्क आहे. 1923 साली कामगार नुकसानभरपाईचा कायदा झाला. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यावी, हे त्याचे मूळ सूत्र. "चूक त्याचीच होती" असे आपण पटकन म्हणतो. पण मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर मजुराच्या निष्काळजीपणावर बोट ठेवून मालकाला सुटता येत नाही. 2000 सालच्या दुरुस्तीने नैमित्तिक मजुराला वगळणारी अटही काढून टाकली. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आणि जुना कायदा तिच्यात सामावला गेला. मूळ सूत्र मात्र तेच राहिले.

आता हिशेब पाहू. मृत्यू झाल्यास महिन्याच्या मजुरीच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास निम्म्याऐवजी 60 टक्के धरतात. 35 वर्षे वयाला गुणक 197.06 आहे. हिशेबात धरावयाच्या मजुरीची कमाल मर्यादा 2000 साली 4,000 रुपये होती, 2010 साली 8,000 झाली आणि 3 जानेवारी 2020 पासून 15,000 करण्यात आली. म्हणजे पूर्ण मर्यादेइतकी मजुरी असलेल्या 35 वर्षांच्या माणसामागे घरच्यांना पूर्वी 3,94,120 रुपये मिळाले असते, मग 7,88,240 आणि 2020 च्या मर्यादेने 14,77,950 रुपये. रक्कम महिन्याभरात दिली नाही तर 12 टक्के व्याज लागते. शिवाय सबळ कारण नसताना उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड बसू शकतो.

दुसरा बदल वाटेवरच्या अपघाताचा. मराठवाड्यातील एका साखर कारखान्याचा रखवालदार 22 एप्रिल 2003 रोजी पहाटे तीनच्या पाळीवर निघाला आणि कारखान्यापासून सुमारे पाच किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. घरच्यांना 3,26,140 रुपये मंजूर झाले, पण अपघात कामावर नव्हे, वाटेवर झाला म्हणून उच्च न्यायालयात तो निकाल फिरला. अखेर 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कायम केली. अपघाताची वेळ, ठिकाण व परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल, तर कामावर येता-जाताचा अपघातही कामाचाच धरावा, असा तो निकाल आहे. नव्या संहितेतही तशी तरतूद आहे. निकाल चांगलाच म्हणायचा. पण त्या घराला बावीस वर्षे वाट पाहावी लागली.

मग ऊसतोड मजुराचे अडते कुठे? कागदावर अडते. करार मुकादमाशी, उचल मुकादमाच्या हाती, टोळीची नोंद मुकादमाच्या नावावर. अपघात झाला की मालक कोण यावरच वाद सुरू होतो. मुकादम एकीकडे बोट दाखवतो, वाहतूकदार दुसरीकडे. त्यातही कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळी बांधते ती, वाहते ती. पण पुष्कळदा नाव एकट्या नवऱ्याचे असते. तिचा हात मोडला तर तिची मजुरी किती, हे दाखवायला कागदाचा तुकडाही सापडत नाही. नाव नाही तर मजुरी नाही आणि मजुरी नाही तर हिशेबच मांडता येत नाही.

आणखी एक रीत आपल्याकडे पडली आहे. चार माणसे बसतात, काही रक्कम हातावर ठेवतात, स्टँपवर अंगठा घेतात आणि "प्रकरण मिटले" म्हणतात. मृत्यूच्या प्रकरणात भरपाई परस्पर देता येत नाही, ती सक्षम प्राधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. हक्क सोडल्याचा करारही कायद्यात टिकत नाही. म्हणजे अशी मिटवामिटवी मजुराला बुडवते आणि मालकालाही सोडवत नाही.

सभासद म्हणतील, यात आमचा काय संबंध? तर आपला सालगडी, आपल्या ट्रॅक्टरवरचा ड्रायव्हर, आपण लावलेले रोजंदारीचे मजूर यांचे मालक आपणच. म्हणून हंगामाआधी पुढील गोष्टी कराव्यात.

1. फडात टोळी आली की स्त्री व पुरुष दोघांची नावे, वय व गाव वहीत लिहावे आणि मुकादमाची सही घ्यावी.

2. ट्रॅक्टर-ट्रॉलीची विमा पॉलिसी काढून वाचावी. ड्रायव्हर व मजूर यांची जोखीम तीत घातली आहे का, हे पाहावे.

3. टोळीतील मजुरांकडे ग्रामसेवकामार्फत मिळणारे ऊसतोड कामगाराचे ओळखपत्र आहे का, हे विचारावे. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी गाळपाच्या दर टनामागे कारखान्याने 10 रुपये व शासनाने तेवढेच द्यावयाचे ठरले आहे. तो पैसा उसावरच उभा राहतो, तेव्हा तो योग्य माणसापर्यंत पोहोचावा.

4. अपघात झाल्यास आधी दवाखाना, मग त्याच दिवशी पोलीस ठाणे व गट ऑफिसला खबर. दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

वहीत दोन नावे लिहायला दोन मिनिटे लागतात. उसाची नोंद आपण तारखेनिशी, जातीनिशी करतो, कारण नोंद चुकली तर तोड चुकते. तो ऊस तोडणाऱ्यांचीही तशीच नोंद व्हावी, अशी सर्व सभासदांना आमची कळकळीची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी