मध्ये ना राउटर, ना इंटरनेट: दोन संगणक एका केबलवर

नांदगावात बऱ्याच घरांत एक जुना डेस्कटॉप असतो आणि कॉलेजला जाणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा एक लॅपटॉप. इंटरनेट मात्र मोबाईलच्या हॉटस्पॉटवर. अशा घरात ४० जीबीचा गेम दोन्ही संगणकांवर वेगवेगळा डाउनलोड करणे म्हणजे डेटाची निव्वळ नासाडी. एकदा उतरवा आणि केबलने दुसऱ्यावर न्या. त्याच केबलवर दोघे भाऊ समोरासमोर खेळूही शकतात.

दुकानात ‘कॅट ५ई’ किंवा ‘कॅट ६’ची, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवलेली तयार केबल मागा. अंतर जास्त असेल तर सीसीटीव्ही बसवणारे मापाप्रमाणे कापून टोके बसवून देतात. फक्त तार शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको. १०० मीटरपर्यंत ही केबल नीट चालते. मात्र ती गच्चीवरून शेजारच्या काकांच्या घरात टाकू नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास पडली, तरी दोन्ही संगणकांचे पोर्ट जळू शकतात.

लॅपटॉपला केबलचा पोर्ट नसेल तर यूएसबी ३.० चा गिगाबिट लॅन अडॅप्टर घ्या. पूर्वी दोन संगणक थेट जोडायला क्रॉसओव्हर केबल लागायची. गिगाबिट पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करून घेतो, त्यामुळे साधी केबल पुरते. पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर ४० जीबीला साधारण तासभर लागतो. दोन्हीकडे गिगाबिट पोर्ट आणि एसएसडी असेल तर सहा-सात मिनिटांत काम होते.

आता पत्ते. कंट्रोल पॅनेलमधल्या नेटवर्क कनेक्शन्समध्ये ‘इथरनेट’वर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ निवडा. एका संगणकाला १९२.१६८.१०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१०.२ असा पत्ता द्या. आकडे इंग्रजीत टाका. सबनेट मास्क दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०. गेटवेची जागा रिकामीच ठेवा. तिथे काही भरले की संगणक इंटरनेटही या केबलवर शोधू लागतो आणि हॉटस्पॉट चालू असूनही नेट बंद पडल्यासारखे वाटते.

खरी अडचण इथून पुढे येते, आणि बहुतेक लोक इथेच कंटाळून पुन्हा पेनड्राइव्ह हातात घेतात. विंडोज अशा जोडणीला ‘अनोळखी’ समजून ‘पब्लिक’ गटात टाकते आणि फायरवॉल वाट अडवते. सेटिंग्जमध्ये इथरनेटसाठी ‘प्रायव्हेट’ निवडा आणि ‘फाईल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करा. ‘प्रायव्हेट’चा पर्याय मिळाला नाही, तर पब्लिकसाठीच शेअरिंग सुरू करा, पण काम संपताच बंद करा. होमग्रुप शोधत बसू नका. विंडोज १० मधून तो २०१८ मध्येच काढला गेला.

दुसरा अडथळा पासवर्डचा. स्क्रीन उघडण्याचा चार आकडी पिन इथे चालत नाही. म्हणून ज्या संगणकावर फाईल्स आहेत, त्यावर एक वेगळे लोकल खाते करा आणि त्याला पासवर्ड द्या. मग एकच फोल्डर निवडा, प्रॉपर्टीजमधल्या ‘शेअरिंग’मध्ये त्या खात्याला परवानगी द्या. पूर्ण सी ड्राइव्ह कधीही शेअर करू नका. एका संगणकातला व्हायरस दुसऱ्यात शिरायला तेवढी वाट पुरते. दुसऱ्या संगणकावर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेषा आणि लगेच पहिल्याचा पत्ता टाइप करा. नाव-पासवर्ड विचारला की नवे खाते टाका. फोल्डर समोर येईल.

स्टीमवरचे गेम असतील तर फोल्डर कॉपी करण्याचीही गरज नाही. २०२३ पासून स्टीममध्ये घरातल्या संगणकावरून गेम थेट ओढून घेण्याची सोय आहे. दोन्हीकडे लॉगिन आणि थोडे नेट लागते, पण मोठा भार केबलवरच जातो.

खेळायला काउंटर-स्ट्राइक १.६ अजूनही उत्तम. एकाने ‘न्यू गेम’ने सामना सुरू करावा, दुसऱ्याने सर्व्हरच्या यादीत ‘लॅन’खाली तो शोधावा. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत ‘ओपन टू लॅन’ आहे. दोघांची खाती मात्र वेगळी हवीत. गेम पहिल्यांदा उघडल्यावर फायरवॉल परवानगी विचारते, तेव्हा घाईत ‘कॅन्सल’ दाबू नका. व्हॅलोरंटसारख्या गेमला मात्र प्रत्येक वेळी इंटरनेट लागतेच. तिथे या केबलचा उपयोग नाही.