मेंदूचे बाह्यक : चेतापेशींचे प्रकार व त्यांचे महत्त्व

शालेय जीवशास्त्राच्या पुस्तकात चेतापेशीची एक आकृती असते : मध्ये पेशीचा गाभा, एका बाजूस फांद्यांसारख्या वृक्षिका आणि दुसऱ्या बाजूस लांबच लांब अक्षतंतू. ही आकृती चुकीची नाही. परंतु ती पाहून मेंदूतील सर्व चेतापेशी एकाच साच्यातील असाव्यात, असा जो समज होतो, तो मात्र बरोबर नाही. चेतापेशींचे प्रकार अनेक आहेत आणि मेंदूचे काही विकार समजण्यासाठी व त्यांवर योग्य उपचार होण्यासाठी हे प्रकार ओळखणे अत्यावश्यक ठरले आहे.

मोठ्या मेंदूवर सुमारे दोन ते चार मिलिमीटर जाडीचे, करड्या रंगाचे व वळ्या पडलेले आवरण असते. त्यास बाह्यक म्हणतात. भाषा, स्मृती, विचार व हेतुपूर्वक हालचाल यांचा या आवरणाशी निकटचा संबंध आहे. मानवी मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असून त्यांपैकी सुमारे १,६०० कोटी या आवरणात आहेत. त्याच्या बहुतेक भागांत पेशींचे सहा थर आढळतात.

पेशी दिसू लागल्या

साध्या सूक्ष्मदर्शकाखाली हे आवरण म्हणजे पेशी व तंतूंचे एक गुंतवळच दिसते. इटलीतील कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगविण्याची पद्धत शोधून काढली. या पद्धतीने शेकड्यात मोजक्याच पेशी रंगतात. पण ज्या रंगतात, त्या फांद्यांसह संपूर्ण दिसतात. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी ती सुधारून १८८८ पासून असे दाखवून दिले की, प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. गोल्जी मात्र सर्व पेशी मिळून एक अखंड जाळे होते, याच मताचे होते. १९०६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले. काहाल यांचे मत पुढे सर्वमान्य झाले आणि स्वतंत्र पेशी म्हटल्यावर त्यांचे प्रकार कोणते, हा प्रश्न ओघानेच पुढे आला.

चालना देणाऱ्या व आवर घालणाऱ्या

बाह्यकातील सुमारे ७० ते ८० टक्के चेतापेशी शेजारच्या पेशींना चालना देतात. त्यांतील बहुसंख्य पिरॅमिडच्या आकाराच्या असतात. व्लादिमिर बेट्झ यांनी १८७४ मध्ये वर्णन केलेल्या महाकाय पेशी याच वर्गातील असून हालचालींचे आदेश त्या मज्जारज्जूपर्यंत पोहोचवितात.

उरलेल्या पेशी आवर घालण्याचे काम करतात. संख्येने थोड्या असूनही विविधता त्यांच्यातच अधिक आहे. टोपली-पेशीचे तंतू पिरॅमिड-पेशीच्या गाभ्याभोवती विणल्यासारखे असतात. झुंबर-पेशी तिच्या अक्षतंतूच्या मुळाशी जोडलेली असते. तर मार्टिनोटी-पेशी वरच्या थरांतील वृक्षिकांना आवर घालते.

आता आकाराबरोबरच पेशीतील कोणती जनुके कार्यरत आहेत, हे पाहूनही प्रकार ठरविता येतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मानवी बाह्यकाच्या एकाच भागात पेशींचे ७५ प्रकार आढळले. त्यांपैकी ४५ आवर घालणाऱ्या व २४ चालना देणाऱ्या चेतापेशींचे होते. उरलेले सहा साहाय्यक पेशींचे होते. २०२३ मध्ये संपूर्ण मानवी मेंदूचा जो पेशी-आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात तीन हजारांहून अधिक प्रकारांची नोंद आहे.

विकार आणि पेशीचा प्रकार

या वर्गीकरणाचे मोल रुग्णाच्या खाटेपाशी कळते. अर्भकावस्थेत सुरू होणाऱ्या ड्रॅव्हे विकारात मुलास तापाबरोबर वारंवार फिट येतात. बहुतेक रुग्णांत एका जनुकातील दोषामुळे पेशींतील सोडियमच्या मार्गिका अपुऱ्या पडतात आणि त्याचा मुख्य फटका आवर घालणाऱ्या पेशींना बसतो. कार्बामाझेपिन हे अपस्माराचे प्रचलित औषध याच मार्गिका रोखते. इतर अनेक रुग्णांना ते गुणकारी असले, तरी या मुलांत त्याने फिट वाढू शकतात. लक्षण एकच, पण बिघाड कोणत्या पेशीत आहे, यावर औषध ठरते. म्हणूनच रुग्णाने तज्ज्ञांना दाखविणे अगत्याचे आहे आणि त्यांच्या सल्ल्यावाचून औषध बदलू वा थांबवू नये. अल्झायमर विकारातही बाह्यकातील विशिष्ट प्रकारच्या पेशी इतरांच्या आधी नष्ट होतात, असे आढळून आले आहे.

हे ज्ञान केवळ उंदरांवरील प्रयोगांतून मिळणारे नाही. २०१८ मध्ये मानवी बाह्यकाच्या पहिल्या थरात आढळलेली ‘रोजहिप’ पेशी उंदरात दिसून आलेली नाही. मानवी पेशींचा अभ्यास होतो तो मरणोत्तर मेंदूदानामुळे, तसेच शस्त्रक्रियेत काढाव्या लागणाऱ्या ऊतीचा तुकडा रुग्णांनी संमतीने दिल्यामुळे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत १९९५ मध्ये स्थापन झालेली मेंदूपेढी असे दान स्वीकारते.

गावपातळीवरील कर्तव्य

आपल्या खेड्यापाड्यांत अजूनही फिट आलेल्या माणसास कांदा किंवा चप्पल हुंगविली जाते, अंगात आले म्हणून देवऋषीकडे नेले जाते. फिट म्हणजे चालना व आवर यांचा बिघडलेला तोल होय. तेथे कांद्याचा उपयोग नाही. रुग्णास एका कुशीवर वळवावे, आसपासच्या कठीण वस्तू दूर कराव्यात, तोंडात काहीही घालू नये. फिट पाच मिनिटांत न थांबल्यास तातडीने रुग्णालयात न्यावे. योग्य उपचाराने सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट पूर्णपणे थांबू शकतात.

शिक्षकांनी वर्गात आणि पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत एवढे सांगितले, तरी एखादे मूल शाळेतून काढले जाण्यापासून आणि एखादी मुलगी आयुष्यभर घरात कोंडली जाण्यापासून वाचेल.