मागचे ब्रेक शू : मुकाट झिजणारा भाग

या सदरात आपण कोलेस्टेरॉल, आयुर्विमा, मुलांच्या कॉलेजची तरतूद असे विषय नेहमी वाचतो. त्यात गाडीचे ब्रेक कुठून आले, असे काहींच्या मनात येईल. पण ज्या भागावर घरातल्या सगळ्यांचा जीव रोज अवलंबून असतो आणि ज्याच्याकडे दुर्लक्ष केले की खिशाला अवचित भोक पडते, तो भाग आरोग्यातही बसतो आणि अर्थकारणातही.

मी व्यवसायाने मेकॅनिकल इंजिनिअर. शनिवार-रविवारी मंडळातल्या ओळखीच्या लोकांच्या गाड्या पाहणे हा माझा जुना छंद. नव्याने अमेरिकेत आलेला विद्यार्थी जी जुनी गाडी विकत घेतो, किंवा सोळा वर्षांच्या लेकाच्या हाती आपण जी घरातली जुनी गाडी देतो, तिच्या मागच्या चाकांना पुष्कळदा ड्रम ब्रेक असतात. ते झाकलेले असल्यामुळे वर्षानुवर्षे कुणी उघडून पाहत नाही.

ड्रमच्या आत काय असते?

आपला ढोल बाहेरून वाजवतात. या ढोलावर दाब पडतो तो आतून. चाकाबरोबर फिरणारे ओतीव लोखंडाचे गोल भांडे म्हणजे ड्रम. आत चंद्रकोरीच्या आकाराचे दोन पोलादी शू असतात आणि त्यांच्या बाहेरच्या अंगाला घर्षणाचे अस्तर, म्हणजे लायनिंग, चिकटवलेले किंवा रिव्हेटने ठोकलेले असते. आपण पेडल दाबले की ब्रेक ऑइलचा दाब व्हील सिलिंडरमधले दोन छोटे दट्ट्ये बाहेर ढकलतो, शू फाकतात आणि ड्रमला आतून घासतात. पाय काढला की स्प्रिंगा त्यांना जागेवर ओढतात.

यात एक गंमत आहे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने रेटला जाणारा शू ड्रमच्या ओढीनेच अधिक घट्ट दाबला जातो. दाराखाली लावलेली पाचर दार ढकलले की आणखी रुतते, तसेच हे. त्यामुळे छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूचा शू मागच्यापेक्षा लवकर झिजतो. पिकअप ट्रक आणि जुन्या मोठ्या गाड्यांत रचना निराळी असते. तिथे जास्त काम मागचा शू करतो, म्हणून त्याचे अस्तरही लांब असते. तेव्हा एकच शू पाहून समाधान मानू नये.

याच शूंना आणखी एक काम असते, ते पार्किंग ब्रेकचे. तो तेलावर चालत नाही, तारेने आणि तरफेने चालतो. तेलाची नळी फुटली तरी तो लागतो, म्हणूनच त्याला महत्त्व.

मागेच ड्रम का?

ब्रेक दाबल्यावर गाडीचे वजन पुढे झुकते. थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात, मागच्यांवर भार कमी येतो. म्हणून पुढे डिस्क आणि मागे स्वस्त, टिकाऊ ड्रम अशी जोडी छोट्या गाड्यांत रूढ झाली. ड्रम म्हणजे जुनाट, असेही समजू नका. २०२१ साली बाजारात आलेल्या फोक्सवॅगनच्या आयडी-४ या विजेच्या गाडीलाही मागे ड्रमच आहेत. विजेच्या गाडीत मोटरच बरेच ब्रेकिंग करते. कमी वापरामुळे उघडी डिस्क गंजते, ड्रमचे आतले अंग झाकलेले राहते.

ओळखायचे कसे?

पुढच्या डिस्कच्या पॅडला बहुतेक वेळा एक पत्रा लावलेला असतो. पॅड संपत आला की तो किंचाळून सांगतो. मागच्या शूला असा पत्रा सहसा नसतो. तो मुकाट झिजतो. म्हणून पुढील गोष्टींकडे लक्ष असू द्या.

१. पार्किंग ब्रेकची तरफ पूर्वीपेक्षा जास्त वर येते किंवा उतारावर गाडी धरत नाही.
२. पेडल पूर्वीपेक्षा खाली जाते.
३. मागून खरखर येते. हा लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज असू शकतो.
४. मागच्या टायरच्या आतल्या बाजूला ओल दिसते, किंवा बॉनेटखालच्या भांड्यातले ब्रेक ऑइल कमी होते. व्हील सिलिंडर गळत असण्याची शक्यता असते.
५. चाक गरम लागते आणि जळका वास येतो. शू मागे सरकत नाहीत.

शेवटची तीन लक्षणे दिसली तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, आणि त्या गाडीतून मुलांना हायवेवर तर नेऊच नका.

छोट्या गाडीचे नवे अस्तर साधारण ४ ते ५ मिलिमीटर जाड असते. किमान जाडी आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहा. काही गाड्यांत ती १ मिलिमीटर असते, काहींत २. मॅन्युअलचा आकडा १ असला तरी दीड उरले की मी शू बदलतो. रिव्हेटचे अस्तर असेल तर जाडी रिव्हेटच्या डोक्याच्या वर मोजावी. अस्तरावर तेल लागले असेल तर ते पुसून भागत नाही. गळती दुरुस्त करून शू बदलावेच लागतात. आणि बदलायचे ते दोन्ही चाकांचे, एकाच वेळी.

ड्रमवर त्याचा कमाल व्यास कोरलेला असतो. ड्रम २०० मिलिमीटरचा असेल तर मर्यादा २०१ असू शकते. ती ओलांडली की ड्रम टाकून द्यायचा. शू वेळेवर बदलले नाहीत तर पोलाद ड्रमलाच खरवडते आणि छोट्या कामाचे मोठे काम होते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

धुळीपासून सावध

आता डॉक्टरी मुद्दा. जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर कॅन्सर होऊ शकतो आणि तो कित्येक दशकांनी प्रकट होतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८९ साली घातलेली बंदी १९९१ मध्ये न्यायालयात बरीचशी रद्द झाली. पुढे २०२४ मध्ये क्रायसोटाइल ॲस्बेस्टॉसवर नव्याने बंदी जाहीर झाली, तिच्यात गाड्यांची ब्रेक लायनिंगही आली. तरी जुन्या गाडीत काय बसवले आहे हे बघून कळत नाही. म्हणून ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेच्या पाइपने उडवू नका, घरातला व्हॅक्युम लावू नका आणि कोरड्या ब्रशने झाडू नका. पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा, फडके पिशवीत बांधून टाका आणि त्या कपड्यांनी लेकरांना कडेवर घेऊ नका.

स्वतः पाहणार असाल तर

गाडी सपाट जागी उभी करा, पुढच्या चाकांना ठोकळे लावा आणि गाडी जॅकस्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकवर कधीही काम करू नका. पार्किंग ब्रेक सैल करा. ड्रम निघत नसेल तर त्यावर दोन आटेदार भोके आहेत का पाहा. त्यांत योग्य मापाचे बोल्ट आळीपाळीने पिळले की ड्रम बाहेर येतो. एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा बसवायच्या हे दुसऱ्या बाजूला पाहता येते. ड्रम काढलेला असताना पेडल दाबू नका, दट्ट्ये बाहेर निघतील. डावा आणि उजवा ॲडजस्टर एकमेकांत मिसळू नका. त्यांचे आटे उलटे असतात. हे अवघड वाटत असेल तर फक्त बघा आणि काम मेकॅनिकवर सोपवा. यात कमीपणा नाही.

आमच्या मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. त्याने पार्किंग ब्रेकची तार गंजून अडकते. तो अधूनमधून वापरत राहणे हाच उपाय. काही गाड्यांत तो ओढल्यावरच शूंमधले अंतर आपोआप जुळते, त्यामुळे ही सवय दुहेरी कामाची.

गॅरेजमध्ये जाताना

गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याला एका गॅरेजने शू, ड्रम आणि सिलिंडर सगळेच बदलायला सांगितले. त्याच्या सांगण्यावरून मी ड्रम मोजले. ते मर्यादेच्या पुष्कळ आत होते. सिलिंडरही कोरडे होते. शूंवर काम भागले. सगळेच मेकॅनिक फसवतात असे मुळीच नाही, पण तीन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत : अस्तर किती मिलिमीटर उरले आहे? ड्रमचा व्यास किती भरला आणि मर्यादा किती? सिलिंडर गळतो आहे का, मला दाखवाल का? अंदाज लेखी घ्या आणि काढलेले जुने भाग परत मागा. मिशिगनमध्ये या दोन्ही गोष्टी कायद्याने मिळतात. आपल्या राज्याचा नियम पाहून ठेवा.

टायरची अदलाबदल करताना चाके निघतातच. तेव्हा मागचे ड्रम उघडून अस्तर मोजायला सांगा आणि तो आकडा तारखेसह ग्लव्ह बॉक्समधल्या वहीत लिहा. दोन-तीन नोंदी झाल्या की पुढचा खर्च केव्हा येणार हे तुम्हालाच आधी कळेल.