विश्वाच्या कडेपलीकडे काय आहे?

वर्षावासात ग्रंथवाचन चालू असले, की एखादा चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, "हे विश्व कुठे संपते? आणि संपत असेल तर त्याच्या पलीकडे काय आहे?" वडीलधारी मंडळी बहुधा दोनपैकी एक उत्तर देतात. कोणी म्हणतात, असले प्रश्न विचारू नयेत, भगवान बुद्धांनीच ते बाजूला ठेवले आहेत. कोणी अभिमानाने सांगतात, आजच्या शास्त्रज्ञांनी शोधले ते सारे तथागतांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. माझ्या मते ही दोन्ही उत्तरे सदोष आहेत. पहिल्याने मुलाची जिज्ञासा मरते, दुसऱ्याने तिला खोटे समाधान मिळते. म्हणून हा प्रश्न जरा नीट तपासू.

प्रथम ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. मज्झिम निकायातील ६३ वे सुत्त म्हणजे चूळमालुंक्य सुत्त. श्रावस्तीच्या जेतवनात मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्खूच्या मनात आले, की भगवंतांनी दहा प्रश्नांची उत्तरे दिलेलीच नाहीत. जग शाश्वत आहे की अशाश्वत, ते अंतवान आहे की अनंत, जीव आणि शरीर एकच की भिन्न, आणि तथागताच्या मरणोत्तर स्थितीविषयीचे चार प्रश्न. यांना 'अव्याकृत' म्हणतात. उत्तरे मिळाली नाहीत तर आपण भिक्खुजीवन सोडून देऊ, असा त्याचा निश्चय होता. तेव्हा भगवंतांनी विषारी बाणाचा दृष्टान्त दिला. बाण लागलेला माणूस जर म्हणू लागला, की मारणारा क्षत्रिय की ब्राह्मण, वैश्य की शूद्र, उंच की ठेंगणा, कुठल्या गावचा, धनुष्याची दोरी कशाची, बाणाची पिसे कोणत्या पक्ष्याची हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, तर यातले काही कळण्यापूर्वीच तो मरेल.

हा दृष्टान्त आपण शेकडो वेळा ऐकला आहे, पण त्यातील एक गोष्ट निसटते. पिसे कोणत्या पक्ष्याची हे शोधणे वाईट, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. वैद्याचा हात धरून ठेवणे वाईट. दोष चौकशीचा नसून अटीचा आहे. दुःखमुक्तीचा मार्ग विश्वाच्या आकारावर अवलंबून नाही, एवढेच तेथे सांगितले आहे. विश्वाचे मोजमाप करू नये, अशी बंदी त्यातून काढणे म्हणजे सुत्ताला आपल्या आळसाचे निमित्त करणे होय.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात, केवळ कल्पनेवर व तर्कटावर उभारलेला धर्म हा खरा धम्म नव्हे, या विषयाला स्वतंत्र जागा दिली आहे. धर्म विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, ही त्यांची भूमिका आपल्याला ठाऊक आहेच. म्हणूनच दुसऱ्या उत्तराचाही मोह टाळावा. त्रिपिटकात कल्पांच्या संवर्त-विवर्ताचे वर्णन आहे, परंतु त्यात दुर्बिणीतून घेतलेले मोजमाप नाही. पुराणांत विमाने शोधणाऱ्यांना आपण हसतो. मग सुत्तांत महास्फोट शोधताना आपण वेगळे काय करतो?

आता विज्ञानाकडे वळू. त्यासाठी माथेरानसारखी जागा नाही.

माथेरानची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. एवढ्या उंचीवरून क्षितिज साधारण १०० किलोमीटरवर असते. स्वच्छ रात्री पश्चिमेकडच्या पॉइंटवरून मुंबईचे दिवे दिसतात, त्याच्याही पुढे समुद्र आहे आणि तो एका रेषेशी संपल्यासारखा वाटतो. पण त्या रेषेवर होडी घेऊन गेलेल्या कोळ्याला तेथे काठ सापडत नाही. त्याला पुढचे पाणी दिसते. क्षितिज म्हणजे समुद्राचा शेवट नव्हे, आपल्या नजरेचा शेवट होय. विश्वाच्या 'कडे'विषयी आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा अशाच क्षितिजाविषयी बोलत असतो.

प्रकाश सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. विश्वाचे वय मोजमापांवरून सुमारे १,३८० कोटी वर्षे ठरते. एवढ्या काळात ज्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचू शकला तेवढ्याच वस्तू आपल्याला दिसू शकतात. मग हे दृश्य विश्व सर्व दिशांना १,३८० कोटी प्रकाशवर्षे असायला हवे. प्रत्यक्षात त्याची त्रिज्या सुमारे ४,६५० कोटी प्रकाशवर्षे सांगतात. विद्यार्थी येथे अडखळतात. आपल्या छोट्या गाडीचे उदाहरण घ्या. नेरळहून गाडी निघाली आणि ती घाट चढत असताना मागचा रूळच ताणून लांब होत गेला, अशी कल्पना करा. गाडी माथेरानला पोहोचेल तेव्हा नेरळ, तिने कापलेल्या अंतरापेक्षा, कितीतरी अधिक दूर गेलेले असेल. अवकाश तसेच प्रसरण पावत आहे.

याही आधी एक पडदा आहे. श्रावणात येथे असे धुके उतरते, की दहा पावलांवरचा घोडा दिसत नाही. उजेड असतो, पण तो थेंबाथेंबावर आपटून विखुरतो. विश्वाच्या आरंभीच्या सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांत सर्वत्र इतका तप्त वायू होता, की त्यातील सुट्या इलेक्ट्रॉनांवर आपटून प्रकाश असाच अडकून राहिला. वायू निवल्यावर तो मोकळा झाला. तो आजही सर्व दिशांनी, उणे २७० अंश सेल्सिअस इतक्या थंड सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्याकडे येतो. अमेरिकेतील पेन्झियस आणि विल्सन यांना त्याचा शोध १९६४-६५ मध्ये लागला. प्रकाशाच्या साहाय्याने त्या धुक्यापलीकडे पाहता येत नाही. पण धुक्याची भिंत म्हणजे जगाची भिंत नव्हे. दहा पावलांवरच्या माणसाला आपण धुक्यात हरवलेले दिसतो, आणि तो मात्र स्वतःला मोकळ्यावर समजतो. फार दूरच्या दीर्घिकेतील कोणी पाहत असेल तर त्यालाही त्याच्याभोवती असेच वर्तुळ दिसत असेल. विश्वाने मध्यभागी बसण्याचा मान कोणालाच दिलेला नाही, ही गोष्ट मला व्यक्तिशः फार आवडते.

क्षितिजापलीकडे मग काय असावे? बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते आणखी दीर्घिका, आणखी तसेच अवकाश. ग्रीक विचारवंत आर्किटास याने विचारले होते, की विश्वाच्या कडेवर उभा राहून मी काठी पुढे केली तर काय होईल? ती गेली तर पुढे जागा आहे, अडली तर अडवणारे काहीतरी आहे. युक्तिवाद चांगला आहे, परंतु कड नसूनही एखादी गोष्ट मर्यादित असू शकते. पृथ्वीचा पृष्ठभाग मर्यादित आहे, पण चालत सुटलेल्या माणसाला त्याचा काठ लागत नाही. आइन्स्टाइन यांनी १९१७ मध्ये अशाच मर्यादित पण बिनकाठाच्या विश्वाची कल्पना मांडली. प्लँक उपग्रहाने २००९ ते २०१३ या काळात केलेल्या निरीक्षणांवरून अवकाश मोजमापाच्या मर्यादेत जवळजवळ सपाट ठरले. म्हणजे संपूर्ण विश्व आपल्याला दिसणाऱ्या भागापेक्षा पुष्कळ मोठे असले पाहिजे. ते अनंतच आहे, असे मात्र यावरून सिद्ध होत नाही.

पुरावा आणि मत यांचे नाते समजून घ्यायचे तर डॉ. जयंत नारळीकर यांचे उदाहरण घ्यावे. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या नारळीकरांनी केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल यांच्याबरोबर काम केले. विश्वाला आरंभच नाही, या स्थिर-स्थिती सिद्धान्ताचे ते पुरस्कर्ते होते. सूक्ष्मलहरींचा शोध लागल्यावर बहुतेकांनी तो सिद्धान्त सोडला. नारळीकरांनी हॉईल आणि बर्बिज यांच्यासह १९९३ मध्ये त्याचे सुधारित रूप मांडले. तेही फारसे मान्य झाले नाही. परंतु त्यांनी श्रद्धेचा आधार घेतला नाही. वाद निरीक्षणांच्या कसोटीवरच चालवला. १९८८ मध्ये पुण्यात 'आयुका' उभी राहिली ती त्यांच्याच नेतृत्वाखाली, आणि तेथे महास्फोट मानणारेही अभ्यास करतात. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. घाटापलीकडे नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून आलेला हायड्रोजनचा संदेश तिने टिपल्याचे २०२३ मध्ये जाहीर झाले. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांतील भिक्खूंवरही हेच आकाश होते. साधने मात्र आपल्या काळात आली.

१९९८ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. विश्वाचे प्रसरण मंदावत नसून वाढत्या वेगाने चालू आहे. म्हणून फार दूरच्या कित्येक दीर्घिकांतून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. येथे संयुत्त निकायातील रोहितस्साची आठवण होते. पूर्वजन्मी तो अतिवेगाने चालणारा ऋषी होता. जगाचा अंत गाठण्यासाठी शंभर वर्षे चालला आणि वाटेतच मेला. भगवंतांनी त्याला सांगितले, की चालून जगाचा अंत गाठता येत नाही, परंतु दुःखाचे जग, त्याचा उदय, त्याचा निरोध आणि मार्ग या वावभर देहातच, जाणीव असलेल्या या देहातच आहे. यात दीर्घिकांविषयी भाकीत शोधू नये. येथे 'लोक' हा शब्दच निराळ्या अर्थाने वापरला आहे. अंतराळाचा प्रश्न दुर्बिणीकडे आणि दुःखाचा प्रश्न आचरणाकडे, अशी वाटणी केली की दोन्ही मोकळेपणाने अभ्यासता येतात.

विद्यार्थ्यांनी ही दोन्ही सुत्ते मराठी अनुवादातून स्वतः वाचावीत. त्यानंतर पाऊस सरल्यावर, नोव्हेंबरच्या मध्याला चांदणे नसलेल्या रात्री नऊच्या सुमारास आकाश पाहावे. डोक्यावरून किंचित उत्तरेकडे, भाद्रपदांचा चौकोन आणि शर्मिष्ठा यांच्या दरम्यान एक पुसट ठिपका दिसतो. ती देवयानी दीर्घिका. तिचा प्रकाश २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे, आजचा मानव तेव्हा पृथ्वीवर आलेला नव्हता. त्यासाठी रात्री पॉइंटच्या कडेला जाऊ नये. बाजारातल्या दिव्यांपासून दूर, झाडी नसलेल्या मोकळ्या जागी उभे राहिले तरी पुरते.