धंद्याचा फोन आणि अदबीचे इंग्रजी

त्र्यंबकेश्वरला आमचे एक परिचित बंधू गाद्या-उशांचा कारखाना चालवितात. कारखाना म्हणजे पुढे दुकान, मागे कापूस पिंजण्याचे यंत्र आणि शिवणारे दोन कारागीर. वडिलांपासून चालत आलेला पिंजाऱ्याचा धंदा. माणूस इतका मऊ की, उधारी मागायला गेला तरी आधी समोरच्याच्या मुलाबाळांची चौकशी करील. मध्यंतरी आम्ही त्यांच्याकडे बसलो असताना फोन वाजला. पलीकडून कोणी तरी इंग्रजीत बोलू लागले. आमच्या बंधूंनी शाळेतले इंग्रजी आठवून विचारले, "हू आर यू? व्हॉट डू यू वॉन्ट?" पुढचे नीट ऐकू आले नाही म्हणून "व्हॉट? व्हॉट?" असे दोनदा मोठ्याने म्हणाले. मग "वेट!" असे सांगून मुलाला हाक मारायला मागे गेले. मुलगा येईपर्यंत फोन बंद झाला होता.

तो फोन चेन्नईहून होता. गावात बांधून होत आलेल्या एका यात्री निवासाच्या व्यवस्थापकांचा. त्यांना १२० गाद्या हव्या होत्या. आठवड्याने तिथल्या सुताराने सांगितले की, गाद्या नाशिकहून आल्या.

आता या बंधूंनी कोणाचा अपमान केला होता काय? मुळीच नाही. त्यांनी मनातल्या मनात "आपण कोण? काय पाहिजे आपल्याला?" असेच विचारले होते आणि या दोन्ही वाक्यांत अदब आहे. ती अदब इंग्रजीत जाताना वाटेत सांडली. कशी सांडली, हेच आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

मराठीत अदब सर्वनामात आणि क्रियापदात असते. तू, तुम्ही, आपण अशा तीन पायऱ्या आपल्याकडे आहेत. 'बस', 'बसा', 'बसावे' यांतला फरक लहान मुलालाही कळतो. घरी उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्यांकडे तू, तुम, आप आहेतच. इंग्रजीत या तिन्हींना एकच शब्द, 'यू'. तिथे 'आपण कोण?' आणि 'तू कोण रे?' या दोहोंचे भाषांतर 'हू आर यू?' असेच होते आणि ऐकणाऱ्याच्या कानावर बहुधा दुसराच अर्थ पडतो. मग इंग्रजीत अदब दाखवायची कोठे? ती वाक्याच्या ठेवणीत दाखवितात. हुकूम न करता विचारायचे. 'कुड यू', 'मे आय' या शब्दांनी वाक्य सुरू करायचे आणि शेवटी 'प्लीज' जोडायचे. नवशिक्याला एवढे एक सूत्र कळले तरी अर्धे काम झाले.

'प्लीज' आपल्या तोंडी बसत नाही, त्यालाही कारण आहे. त्याचा मराठी प्रतिशब्द 'कृपया'. तो आपण पाटीवर वाचतो, 'कृपया थुंकू नये', पण दुकानात गिऱ्हाइकाला "कृपया बसा" कोणी म्हणत नाही. 'बसा' मध्येच कृपया आलेले असते. म्हणून इंग्रजी बोलतानाही आपण ते गाळतो आणि 'सिट', 'वेट', 'स्पीक' असे कोरडे हुकूम सोडतो. "बोला भाई" यात आपल्याकडे केवढा जिव्हाळा आहे! त्याचे "स्पीक!" झाले की, पोलीस चौकीतला दरडावणीचा सूर लागतो.

त्र्यंबकच्या व्यापाऱ्याला हे शिकण्याची गरज का, असे कोणी विचारील. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक येथे असल्याने देशभरातून भाविक येतात आणि त्यांत आंध्र, तेलंगणा, कर्नाटक, तामिळनाडू येथून येणाऱ्यांची संख्या मोठी असते. गाडी ठरविणे, खोली पाहणे, मंडप, भांडी, फळे यांची चौकशी करणे, हे सारे ते निघण्यापूर्वी फोनवर करतात. त्यांना मराठी येत नाही, पुष्कळांना हिंदीही येत नाही. इंग्रजी हाच दोघांमधला पूल. २०१५ च्या सिंहस्थात ज्यांनी येथे धंदा केला त्यांना हे सांगावयास नको आणि त्यानंतरचा सिंहस्थ २०२६-२७ चा आहे.

फोन उचलल्यावर पहिल्यांदा अभिवादन. सूरह निसाच्या ८६ व्या आयतीत अभिवादनाला त्याहून चांगल्या अभिवादनाने, निदान तशाच अभिवादनाने उत्तर देण्याचा आदेश आहे. मुस्लिम बंधूचा फोन असेल तर सलाम आहेच. अनोळखी इंग्रजी आवाज आला तर दुपारी बारापर्यंत "गुड मॉर्निंग", नंतर "गुड आफ्टरनून", पाचनंतर "गुड ईव्हनिंग". "गुड नाइट" हे निरोपाचे शब्द आहेत. रात्री नऊला फोन आला तरी सुरुवात "गुड ईव्हनिंग"नेच करावी. अनेक जण येथे चुकतात आणि ग्राहकाला येताक्षणीच निरोप देतात! अभिवादनानंतर दुकानाचे नाव, गावाचे नाव आणि मग "हाऊ मे आय हेल्प यू?" म्हणजे "मी आपल्या काय कामी येऊ?" 'व्हॉट डू यू वॉन्ट' ची जागा या वाक्याने घ्यावी.

नाव विचारावयाचे असल्यास "मे आय नो हू इज कॉलिंग, प्लीज?" असे म्हणावे. वाक्य लांब वाटले तर "मे आय नो युअर नेम, प्लीज?" हेही चालते. आवाजावरून पुरुष की स्त्री हे कळले नाही तर 'सर', 'मॅडम' काहीच म्हणू नये. नाव कळल्यावर म्हणावे.

ऐकू आले नाही, हा नवशिक्याचा सर्वांत मोठा प्रश्न. एखादा शब्द निसटतो, माणूस घाबरतो आणि "यस, यस" म्हणत राहतो. या 'यस' ने धंद्याचे जेवढे नुकसान होते तेवढे 'नो' ने होत नाही, असे आमचे मत आहे. न समजता दिलेला होकार हा एक करारच होऊन बसतो. त्यापेक्षा सुरुवातीलाच सांगावे, "माय इंग्लिश इज नॉट व्हेरी गुड. कुड यू स्पीक अ लिटल स्लोली, प्लीज?" यात कमीपणा काही नाही. चेन्नईच्या माणसालाही इंग्रजी शिकावेच लागले आहे. त्यानंतरही शब्द निसटला तर "व्हॉट?" नको. "सॉरी, कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" असे म्हणावे.

थांबवायचे असेल तर "वेट" च्या जागी "वन मोमेंट, प्लीज" म्हणावे. परत आल्यावर "थँक यू फॉर वेटिंग". एसटीडी बूथच्या काळात मीटरचे आकडे पळताना पाहून माणूस आपोआप थोडक्यात बोलत असे. आता मीटर दिसत नाही, पण समोरच्याचा वेळ जातोच. मिनिटाहून अधिक लागणार असेल तर "मे आय कॉल यू बॅक इन टेन मिनिट्स?" असे विचारावे आणि दहा मिनिटांनी खरोखरच फोन करावा.

येथे एक गंमत सांगतो. १० मार्च १८७६ रोजी ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनवरून पहिले वाक्य आपल्या मदतनिसाला, वॉटसनला उद्देशून म्हटले. इकडे या, असे बोलावणे होते ते. त्यात 'मिस्टर' होते, पण 'प्लीज' नव्हते. अर्थात वॉटसन शेजारच्या खोलीतच होता आणि गिऱ्हाईकही नव्हता.

आता आकड्यांकडे वळू, कारण पैसा आकड्यांत असतो. 'थर्टीन' आणि 'थर्टी', 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी', 'सिक्स्टीन' आणि 'सिक्स्टी' हे फोनवर सारखेच ऐकू येतात. पंधरा गाद्यांच्या पन्नास झाल्या तर कापूस, कापड, मजुरी सगळे अंगावर येते. म्हणून आकडा सांगून झाला की, त्याचे अंक सुटे करून सांगावेत: "फिफ्टीन, वन-फाइव्ह". तारखेचेही तसेच. 'ट्वेल्फ्थ' आणि 'ट्वेन्टिएथ' यांत घोटाळा होतो, म्हणून तारखेबरोबर वार सांगावा. फोन नंबर एकेक अंकाने सांगावा. त्र्यंबकचा एसटीडी कोड ०२५९४ हा "झिरो टू फाइव्ह नाइन फोर" असा, आणि पिनकोड ४२२२१२ हा "फोर डबल टू, टू वन टू" असा. दुबई-मस्कतकडे माल पाठविणाऱ्यांनी 'लाख' हा शब्दही टाळावा. तिकडच्या परदेशी व्यापाऱ्याला तो कळेलच असे नाही. एक लाखाला "वन हंड्रेड थाउजंड" म्हणावे.

बोलणे झाले की "लेट मी रिपीट" म्हणून सगळे पुन्हा वाचून दाखवावे आणि वहीत उतरवावे. सूरह बकराची २८२ वी आयत, जी कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयीच आहे. फोनवरची ऑर्डरही व्यवहारच.

एक नमुना पाहा.

दुकानदार: गुड मॉर्निंग. हाऊ मे आय हेल्प यू?
ग्राहक: आय नीड थर्टी कॉटन मॅट्रेसेस.
दुकानदार: थर्टी, थ्री-झिरो. मे आय नो द साइज, प्लीज?
ग्राहक: सिक्स फीट बाय थ्री. व्हॉट इज द प्राइस?
दुकानदार: एटीन हंड्रेड रुपीज ईच, वन-एट-झिरो-झिरो. द टोटल इज फिफ्टी-फोर थाउजंड.
ग्राहक: टू मच. कॅन यू रिड्यूस?
दुकानदार: आय ॲम अफ्रेड दॅट इज आवर बेस्ट प्राइस, सर. बट डिलिव्हरी इन त्र्यंबक इज फ्री.
ग्राहक: ओके. व्हेन?
दुकानदार: ऑन ट्वेल्फ्थ, मंडे. कुड यू प्लीज सेंड हाफ द अमाउंट इन ॲडव्हान्स?

यातील "आय ॲम अफ्रेड" पाहून दचकू नये. येथे भीतीचा काही संबंध नाही. 'माफ करा, पण' एवढाच त्याचा अर्थ. नकार मऊ करणारा हा फार उपयोगी शब्दसमूह आहे. नुसते "नो" म्हटले की बोलणे संपते. जो माल नाही तोही याच पद्धतीने सांगावा: "आय ॲम अफ्रेड वी डू नॉट हॅव दॅट साइज. वी कॅन मेक इट इन फोर डेज."

वायदा आणि इन्शाअल्लाह

सूरह कहफच्या २३-२४ व्या आयतींत, उद्या मी अमुक करीन असे अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख केल्याशिवाय म्हणू नये, असे शिकविले आहे. पण आपल्या बाजारात 'इन्शाअल्लाह' चा उपयोग काही जण वायदा सैल करण्यासाठी करू लागले आहेत, हे दुःखाने नमूद करावे लागते. ग्राहक विचारतो, "गुरुवारी मिळेल ना?" आणि उत्तर येते, "हो हो, इन्शाअल्लाह," ज्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक असतो की, मिळणार नाही. फोनवर आधी तारीख सांगावी, मग इन्शाअल्लाह म्हणावे. समोरच्याला तो शब्द माहीत नसेल तर इंग्रजीत "गॉड विलिंग" म्हणतात. उशीर होणार हे कळताच, ग्राहकाने विचारण्यापूर्वी, आपण फोन करावा: "आय ॲम सॉरी, देअर इज अ डिले ऑफ टू डेज." हे वाक्य जिभेला जड जाते, पण पाठ करण्यासारखे आहे.

जुम्याची वेळही न लाजता सांगावी. सूरह जुमुआच्या ९ व्या आयतीत अजान होताच खरेदी-विक्री सोडण्याचा आदेश आहे, आणि वेळ आधी कळलेली असली की ग्राहकाचीही तक्रार राहत नाही. मात्र "फ्रॉम वन टू टू थर्टी" असे म्हणू नका. फोनवर ते 'टू टू' मध्ये हरवते. दोन वाक्ये करा: "ऑन फ्रायडे वी क्लोज ॲट वन ओक्लॉक. वी ओपन अगेन ॲट टू थर्टी."

येणे मागण्याचा फोन सर्वांत अवघड. "व्हेन विल यू गिव्ह माय मनी?" हे मराठीतल्या "पैसे कधी देता?" चे भाषांतर, पण ऐकायला भांडणासारखे. त्याऐवजी "आय ॲम कॉलिंग अबाउट द बॅलन्स अमाउंट. मे आय नो व्हेन वी कॅन एक्स्पेक्ट इट?" असे विचारावे. विकताना, विकत घेताना आणि आपले येणे मागताना नरमाईने वागणाऱ्यावर अल्लाहची दया व्हावी, अशी दुआ प्रेषितांनी (स.) केल्याचे हजरत जाबिर (रजि.) यांच्याकडून सहीह बुखारीत आले आहे. त्यात मागण्याचा उल्लेख वेगळा आहे, हे ध्यानात घ्यावे. नरमाई म्हणजे येणे सोडून देणे नव्हे. तारीख मात्र विचारून घ्यावी आणि वहीत लिहावी.

निरोपाला "थँक यू फॉर कॉलिंग" पुरेसे आहे. 'प्लीज' आणि 'सॉरी' यांचीही खैरात नको. एका वाक्यात एकदा 'प्लीज'. दोनदा म्हटले की विनवणी वाटते आणि गिऱ्हाईक भाव पाडू लागते.

आमच्या गादीवाल्या बंधूंनी आमच्या आग्रहावरून त्या चेन्नईच्या नंबरवर परत फोन केला. आम्ही कागदावर लिहून दिले होते: "गुड आफ्टरनून, सर. आय ॲम कॉलिंग फ्रॉम त्र्यंबक. आय ॲम सॉरी, आय कुड नॉट अंडरस्टँड यू दॅट डे." गाद्या तर येऊन पडल्या होत्या. व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नाव-नंबर लिहून घेतला, इतकेच. तो कागद आता दुकानात फोनच्या वरच्या भिंतीला डकविलेला आहे.

अभ्यास: पुढील वाक्ये अदबीच्या इंग्रजीत बदलून घरात मोठ्याने म्हणा. मुलाला किंवा मुलीला दुसऱ्या खोलीतून खरा फोन लावायला सांगितल्यास उत्तम, कारण चेहरा दिसत असताना इंग्रजी सोपे जाते. "हू आर यू?" "स्पीक लाउडली." "टेल युअर ॲड्रेस." "टुमॉरो कम." "नो स्टॉक." "सेंड मनी फर्स्ट."