लशीतल्या मेदकणांना घटक कसे घडवतात?

४ डिसेंबर २०२० रोजी बहरीनने फायझर-बायोएनटेकच्या लशीला आपत्कालीन मंजुरी दिली. ब्रिटननंतर असं करणारा हा दुसराच देश. मी मनामाच्या नईम भागात राहते. इथे उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, आणि लशीला हवे होते उणे ७० अंश! तुमच्यापैकी अनेकांनी हीच लस घेतली असेल. तिला एवढी थंडी का लागते, हे समजून घ्यायचं तर तिच्या घटकांची यादी वाचायला हवी.

खरा संदेश असतो एमआरएनएमध्ये. मोठ्यांच्या मूळ मात्रेत तो ३० मायक्रोग्रॅम असतो. हा रेणू उघडा सोडला तर शरीरातली विकरं त्याचे बघता बघता तुकडे करतात. म्हणून त्याला मेदाच्या, म्हणजे लिपिडच्या, कणात गुंडाळतात. कणाचा व्यास साधारण ८० ते १०० नॅनोमीटर, केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका.

कणात लिपिडं चार. त्यातलं मुख्य एएलसी-०३१५, मात्रेमागे ०.४३ मिलिग्रॅम. ते आम्लात धनभारित होतं आणि रक्ताच्या ७.४ पीएचला जवळपास उदासीन राहतं. कण आम्ल द्रावणात बनवतात, त्यामुळे ऋणभारित आरएनए त्याला चिकटतो. पुढे पेशी हा कण गिळते तेव्हा तो एका पिशवीत अडकतो. ही पिशवी हळूहळू आम्ल होत जाते, लिपिड पुन्हा धनभारित होतं, पिशवीच्या आवरणाला भगदाड पाडतं आणि आरएनए बाहेर पडतो. अर्थात सगळा नाही. बहुतेक आरएनए पिशवीतच संपतो. आमच्या क्षेत्रातलं सगळ्यात मोठं न सुटलेलं कोडं माझ्या मते हेच. मग कायम धनभारित राहणारंच लिपिड जास्त का घालू नये? कारण ते पेशींना विषारी ठरू शकतं आणि रक्तातली प्रथिनंही त्याला चिकटतात.

दुसरं कोलेस्टेरॉल, हो, तुमच्या रिपोर्टमधलंच. ते लिपिडांमधल्या फटी भरून कणाला घट्टपणा देतं. प्रयोगशाळेत त्याच्या जागी वनस्पतींमधलं बीटा-सिटोस्टेरॉल घातलं, तर पेशींमध्ये आरएनए जास्त पोचतो असं दिसलं आहे. तिसरं डीएसपीसी, कणाची बांधणी टिकवणारं.

चौथं पीईजी जोडलेलं लिपिड, फक्त ०.०५ मिलिग्रॅम. कणांनी एकमेकांना चिकटू नये म्हणून ते बाहेरून झालरीसारखं राहतं. ते वाढवलं की कण लहान होतात, पण पेशी त्यांना जवळ करेनाशा होतात. म्हणून त्याच्या शेपट्या मुद्दाम आखूड, १४ कार्बनच्या ठेवतात, म्हणजे शरीरात गेल्यावर ते कणापासून सुटून जातं. मिठासारखंच आहे हे: कमी पडलं तर पंचाईत, जास्त झालं तरी पंचाईत.

आता यादीतल्या ज्या ओळी आपण वाचतच नाही, त्यांच्याकडे या: साखर आणि क्षार. गोठताना बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर दाबतात. सुक्रोज मध्ये राहून त्यांना सांभाळते. पहिल्या लशीत फॉस्फेटचे क्षार होते. सोडियम फॉस्फेटचं द्रावण गोठताना त्यातला एक क्षार आधी वेगळा होतो आणि पीएच घसरतो, हे रसायनशास्त्रात जुनंच ज्ञान. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत लहान मुलांसाठी मंजूर झालेल्या लशीत फॉस्फेटऐवजी ट्रिस आलं. चारही लिपिडं तीच! तरीही साध्या फ्रीजमध्ये टिकण्याची मुदत एका महिन्यावरून १० आठवड्यांवर गेली. गावातल्या दवाखान्यासाठी हा फरक किती मोठा, हे तुम्हाला सांगायला नको. (कुपी जोरात हलवायची नाही, अलगद उलटसुलट करायची, ही सूचनाही कण एकत्र येऊ नयेत म्हणूनच.)

पुण्याच्या जिनोव्हाने वेगळी वाट धरली. त्यांच्या लशीत आरएनए कणाच्या पोटात नसतो. धनभारित लिपिड असलेल्या तेलाच्या सूक्ष्म थेंबांच्या पृष्ठभागावर तो चिकटलेला असतो. हे मिश्रण गोठवून, सुकवून त्याची पूड करतात. पाणीच काढून टाकल्यामुळे आरएनए तुटण्याचा वेग मंदावतो. २०२२ च्या जूनमध्ये जेमकोव्हॅक-१९ ला भारतात आपत्कालीन मंजुरी मिळाली, आणि तिला लागणारं तापमान होतं २ ते ८ अंश, म्हणजे आपल्या घरच्या फ्रीजचं.