प्राथमिक वर्ग आणि शैक्षणिक संकेतस्थळे : भोपाळच्या अनुभवाचा बोध

प्राथमिक शाळेतील खडू-फळ्याच्या जोडीला गेल्या काही वर्षांत मोबाईल, संगणक, प्रोजेक्टर व दूरचित्रवाणी संच येऊन बसले आहेत. लोकवर्गणीतून, ग्रामपंचायतीच्या साहाय्याने अथवा शासनाच्या योजनांतून अनेक जिल्हा परिषद शाळांना ही साधने मिळाली. पाठ्यपुस्तकाच्या पानावरील क्यूआर कोडवर मोबाईल धरला की त्या पाठाशी संबंधित साहित्य पडद्यावर येते. ग्रामस्थांना याचे कौतुक वाटावे हे स्वाभाविकच आहे. तथापि, साधन शाळेत आले म्हणजे ते मुलाच्या शिक्षणातही आले, असे होत नाही. या दोन गोष्टींत अंतर असते. ते कशाने कमी होते, याचा विचार करताना भोपाळ व एकंदर मध्य प्रदेशाचा अर्धशतकाचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा अनुभव परका नाही. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची भोपाळ येथील क्षेत्रीय शिक्षण संस्था महाराष्ट्र व गोवा या राज्यांसाठीही कार्य करते.

आकाशातून आलेला पाठ

दिनांक १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात आपल्या देशात उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वापरण्यात आला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत उपग्रहाकडून थेट कार्यक्रम घेणारे संच बसविण्यात आले. मध्य प्रदेश हे त्या सहा राज्यांपैकी एक होते व रायपूर परिसरातील, म्हणजे आजच्या छत्तीसगडमधील, खेडी त्यात होती. सकाळचा दीड तास शाळकरी मुलांसाठी राखून ठेवलेला असे. तो चार भाषांत विभागला जाई. त्यामुळे एकेका भाषेच्या वाट्यास सुमारे साडेबावीस मिनिटे येत. ज्या खेड्यांत वर्तमानपत्रही नियमित पोहोचत नव्हते, तेथील मुलांनी या प्रयोगामुळे प्रथमच पडद्यावर पाठ पाहिला.

या प्रयोगाचा एक विशेष मात्र क्वचितच सांगितला जातो. मुलांच्या कार्यक्रमांइतकेच लक्ष शिक्षकांच्या प्रशिक्षणाकडे देण्यात आले होते. हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे बारा दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले. दूरचित्रवाणी, आकाशवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती या चारही गोष्टींची त्यात सांगड होती. वर्ष संपताच उपग्रह परत अमेरिकेच्या कामासाठी गेला व खेड्यांतील ते प्रक्षेपण थांबले. शिक्षकाने जे आत्मसात केले होते, तेवढेच त्या वर्गांत मागे राहिले.

प्रश्न विचारण्याची सोय

याच काळात मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या नर्मदापुरम येथे, दुसरा एक प्रयोग चालू होता. १९७२ मध्ये किशोर भारती व रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी १६ माध्यमिक शाळांत (तेथे इयत्ता सहावी ते आठवीच्या शाळेस हे नाव आहे) विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील अशा सर्व शाळांत पोहोचला. पुढे १९८२ मध्ये स्थापन झालेल्या भोपाळच्या एकलव्य संस्थेने त्याची धुरा सांभाळली. मुले चार-चारांच्या टोळीने प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत व त्यांवर चर्चा करून निष्कर्ष काढीत. 'बाल वैज्ञानिक' या त्यांच्या पुस्तकात तयार उत्तरे दिलेली नव्हती. परीक्षेला पुस्तक व वही जवळ बाळगण्याची मुभा होती.

या कार्यक्रमात 'सवालीराम' नावाचे एक कल्पित पात्र होते. मुलांनी आपल्या मनातील प्रश्न त्याला पत्राने कळवावेत व त्याने पत्रानेच उत्तर द्यावे, अशी योजना होती. उपग्रहाच्या तुलनेत पोस्टाचे पत्र हे किती साधे साधन! तथापि उपग्रहाला न साधणारी एक गोष्ट त्याने साधली. उपग्रह मुलांशी बोलत असे. पत्रामुळे मुलाला स्वतः बोलता येऊ लागले. शैक्षणिक साधनाची खरी कसोटी येथे आहे. त्याच्यामुळे मुलाच्या हातांना काम मिळाले काय आणि त्याच्या तोंडून प्रश्न निघाला काय, हे दोन प्रश्न प्रत्येक नव्या साधनाला विचारले पाहिजेत.

हा कार्यक्रम २००२ मध्ये शासनाने बंद केला. तरीही त्यात तयार झालेले पुष्कळसे साहित्य आज उपलब्ध आहे. १९७८ मध्ये होशंगाबाद येथे काम करताना श्री. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून भूमितीच्या आकृत्या व रचना तयार केल्या. पुढे त्यांनी पुणे येथे आयुकाच्या बाल विज्ञान केंद्रात दीर्घकाळ कार्य केले व २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री प्रदान करण्यात आली. त्यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनविण्याच्या चित्रफिती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके विनामूल्य मिळतात. खेड्यातील वर्गात तयार झालेली वस्तू संकेतस्थळावर गेली व तेथून अन्य असंख्य वर्गांत पोहोचली. तंत्रज्ञानाचा हा उत्तम उपयोग होय.

यंत्रे बदलत गेली

त्यानंतर नवनवी यंत्रे येत राहिली. मध्य प्रदेशात २००० साली 'हेडस्टार्ट' या नावाने जनशिक्षा केंद्रांत संगणक देण्यात आले. २० सप्टेंबर २००४ रोजी एडुसॅट हा केवळ शिक्षणासाठी असलेला भारतीय उपग्रह अवकाशात गेला व सिधी जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत त्याद्वारे पाठ दाखविण्यात आले. २०१० मध्ये त्या उपग्रहाचे कार्य संपले. महाराष्ट्रात १९८४ साली पुणे येथे स्थापन झालेल्या 'बालचित्रवाणी'ने मराठी मुलांसाठी दीर्घकाळ कार्यक्रम तयार केले. तीही संस्था २०१७ मध्ये बंद झाली. त्याच वर्षी ५ सप्टेंबर रोजी 'दीक्षा' हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले.

या मालिकेतून एक बोध होतो. यंत्राचे आयुष्य अल्प असते व योजनेचेही असते. शिक्षकाच्या अंगी मुरलेली पाठाची पद्धत मात्र यंत्र बदलले तरी टिकते. यास्तव नवे साधन मिळताच पहिला प्रश्न 'हे कसे चालते?' हा न ठेवता 'याने कोणता पाठ अधिक चांगला होईल?' हा ठेवावा.

२०२० सालची कसोटी

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा संकेतस्थळे व मोबाईल हीच जणू शाळा झाली. मध्य प्रदेशात ६ जुलै २०२० पासून 'हमारा घर, हमारा विद्यालय' ही योजना सुरू झाली. सकाळी दहा वाजता घरी थाळी वा घंटा वाजवून शाळा भरल्याची सूचना द्यावी व मुलाने अभ्यासास बसावे, अशी त्यात कल्पना होती. आकाशवाणीवरील पाठ व व्हॉट्सॲपवरील साहित्य यांची त्यास जोड होती. महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हे अभियान चालले आणि सह्याद्री वाहिनीवरून 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली.

या काळात एक कटू वस्तुस्थिती प्रत्येक गावाने पाहिली. घरात मोबाईल एकच; तो घेऊन वडील कामावर जात. दोन भावंडांचे पाठ एकाच वेळी आले, तर बहुधा बहिणीने मागे सरावे. ज्या घरी मोबाईलच नव्हता, तेथील मुलाची शाळा खरोखरच बंद झाली. शाळा पुन्हा भरल्यानंतरही हा धडा विसरता कामा नये. घरी मोबाईल असल्यावाचून पूर्ण होणार नाही असा गृहपाठ प्राथमिक वर्गास देऊ नये. पडद्यावर जे दाखवावयाचे, ते शाळेत सर्वांना मिळून दाखवावे.

एक नमुना पाठ : बी कसे रुजते

पडद्याचा उपयोग पाठात नेमका कोठे करावा, हे पुढील उदाहरणावरून स्पष्ट होईल. बीज रुजण्याची चित्रफीत अनेक संकेतस्थळांवर मिळते. आठवडाभराची वाढ त्यात एका मिनिटात दिसते. शिक्षकाने ही चित्रफीत पहिल्याच दिवशी दाखविली, तर मुले आनंदाने पाहतील. परंतु बी एका मिनिटात रुजत नाही, हे त्यांना कळणार नाही. यास्तव पाठाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

पहिली पायरी कृतीची. काचेच्या पेल्यात आतील बाजूस टिपकागदाची गुंडाळी बसवावी. कागद व काच यांच्यामध्ये रात्रभर भिजविलेले हरभऱ्याचे चार दाणे ठेवावेत व कागद ओला राखावा. चार मुलांच्या प्रत्येक गटाचा पेला वेगळा असावा. एका गटाने दाणे कोरडेच ठेवावेत, तर एकाने पेला अंधारात ठेवावा.

दुसरी पायरी नोंदीची. मुलांनी सात दिवस रोज ठराविक वेळी पाहावे, मुळाची लांबी दोऱ्याने मोजून पट्टीवर घ्यावी व वहीत तारखेसह चित्र काढावे. मूळ आधी येते की कोंब, हे त्यांचे त्यांनाच ठरवू द्यावे.

तिसरी पायरी अंदाजाची. मूळ थोडे वाढल्यावर एक दाणा उलटा करावा व आता मूळ कोणीकडे जाईल, हे प्रत्येकाने आपल्या वहीत लिहावे. चुकीचा अंदाजही खोडावयाचा नाही.

आठव्या दिवशी चित्रफीत दाखवावी. प्रथम ती सलग दाखवावी व मग मध्ये मध्ये थांबवावी. 'हे चित्र आपल्या वहीतील कोणत्या दिवसाशी जुळते?' असे विचारावे. मुले वहीची पाने चाळतील, वाद घालतील व पुन्हा पेल्याकडे धावतील. आपण सात दिवस पाहिले तेच पडद्यावर घाईने चालले आहे, हे ती स्वतःच सांगतील. रात्री सर्व झोपलेले असताना वळलेले मूळ त्यांना चित्रफितीत दिसेल. डोळ्यांना न दिसणारे दाखविणे हे पडद्याचे काम आहे. दिसणारे पाहण्याचे काम मुलाकडेच राहिले पाहिजे.

शेवटची पायरी प्रश्नपेटीची. सवालीरामच्या धर्तीवर वर्गात एक खोके ठेवून मुलांनी त्यात प्रश्नांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. अंधारातील कोंब पिवळा का झाला, असा प्रश्न निघाल्यास आठवड्यातून एकदा शिक्षकाने मुलांसमक्ष संकेतस्थळावर त्याचे उत्तर शोधावे. दोन ठिकाणी उत्तरे निराळी निघाली, तर ती का, याची चर्चा करावी. शिक्षकालाही एखादे उत्तर ठाऊक नसते व ते शोधावे लागते, हे मुलांनी पाहण्यात कमीपणा मुळीच नाही.

निवड व दक्षता

'दीक्षा', ई-बालभारती, राष्ट्रीय परिषदेची ई-पाठशाला, एकलव्य व श्री. गुप्ता यांची संकेतस्थळे यांपासून शिक्षकांनी आरंभ करण्यास हरकत नाही. निवड करताना चार गोष्टी पाहाव्यात. भाषा मुलाला समजणारी असावी. माहिती पाठ्यपुस्तकाशी ताडून पाहिलेली असावी. चित्रफीत पाच-सात मिनिटांपेक्षा मोठी नसावी. तसेच ती आदल्या दिवशी स्वतः पूर्ण पाहून उतरवून घेतलेली असावी. त्यामुळे ऐन पाठाच्या वेळी इंटरनेट नसले तरी खोळंबा होत नाही व मध्येच जाहिराती येत नाहीत.

भाषेचा मुद्दा सीमावर्ती व आदिवासी भागांत विशेष महत्त्वाचा आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोडची जोड देण्यापूर्वी विद्यार्थ्यांची घरची भाषा कन्नड आहे, हे त्यांनी ओळखले होते. साधनाआधी मुलाला ओळखणे आवश्यक असते.

मुलांची नावे, छायाचित्रे व पालकांचे मोबाईल क्रमांक कोणत्याही संकेतस्थळावर सहज भरू नयेत. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

ग्रामस्थ व अधिकारी यांचा वाटा

साधन देणाऱ्यांनी त्याच्या पुढील खर्चाचाही विचार करावा. विजेचे देयक थकले, प्रोजेक्टरचा दिवा गेला अथवा छप्पर गळाले, तर हजारोंचे साधन कपाटात पडून राहते. शाळा व्यवस्थापन समितीने वीज, दुरुस्ती व सुरक्षित जागा यांची जबाबदारी वाटून घ्यावी. शाळेला देणगी देण्याची इच्छा असलेल्या ग्रामस्थाने नव्या संचाइतकेच जुन्या संचाच्या दुरुस्तीलाही मोल द्यावे.

केंद्रप्रमुख व विस्तार अधिकारी यांनी भेटीच्या वेळी शाळेत किती संच आहेत हे मोजून थांबू नये. एखाद्या मुलाची वही उघडून त्याने स्वतः पाहिलेले व मोजलेले त्यात काय आहे, हे पाहावे. प्रश्नपेटीतील दोन चिठ्ठ्या वाचाव्यात. साधनाचा उपयोग होतो आहे की नाही, याचा याहून विश्वसनीय अहवाल दुसरा नसेल.

पन्नास वर्षांपूर्वी मध्य प्रदेशातील मुले आकाशातून येणारा पाठ पाहत होती. त्याच राज्यातील दुसऱ्या मुलांनी पुढे सवालीरामला पत्रे लिहिली. आजच्या मोबाईलमध्ये हे दोन्ही एकत्र आले आहेत. त्यावर पाठ पाहता येतो व प्रश्नही विचारता येतो. यांपैकी केवळ पहिला उपयोग करावा की दुसराही, हे यंत्र ठरवीत नाही. ते वर्गातील शिक्षक ठरवितात. हरभऱ्याचे चार दाणे, एक वही व मुलाचा एक प्रश्न एवढी तयारी ज्या वर्गात आहे, त्या वर्गात पडदा अवश्य लावावा. तेथे तो निश्चित उपकारक ठरेल.